कोणतं बोट? हातापायाला मुंग्या येत असतील तर कारण कसं शोधायचं

तपासणीच्या टेबलावर आडव्या झालेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते, "मुंग्या कुठे येतात?" बहुतेक जण दुसऱ्या हाताने कोपरापासून बोटांपर्यंत फिरवून दाखवतात आणि म्हणतात, "अशा, सगळ्या हाताला." मग मी एकेक बोट धरून विचारत जाते. अंगठा? हो. पहिलं बोट? हो. मधलं? हो, तिथे तर फारच. करंगळी? इथे माणूस थांबतो. करंगळी चोळून बघतो, दुसऱ्या हाताच्या करंगळीशी ताडून बघतो. "करंगळीला... नाही वाटतं." या एका 'नाही'वर अर्धा उलगडा होतो.

१९ वर्षं मी एनसीव्ही करते. म्हणजे नसेला विजेचा बारीकसा झटका द्यायचा आणि तो पुढे किती वेगाने, किती जोराने पोचतो ते मोजायचं. मी डॉक्टर नाही. औषध लिहून देणं माझं काम नाही आणि या लेखातही ते मी करणार नाही. पण एवढे हातपाय हातात घेतल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. मुंग्यांचं कारण शोधायचं तर आधी मुंग्यांचा नकाशा लागतो, आणि तो ज्याच्या अंगात मुंग्या येतात त्यालाच काढता येतो. तो कसा काढायचा, कसा वाचायचा आणि त्यावरून पुढे काय करायचं, ते सांगते.

मुंग्या म्हणजे काय चाललेलं असतं

आपल्या बोलण्यात 'नस' आणि 'शीर' हे शब्द रक्तवाहिनीलाही चालतात आणि मेंदूकडे संदेश नेणाऱ्या तंतूलाही. त्यामुळे मुंग्या आल्या की "रक्त पोचत नाहीये" हेच पहिल्यांदा मनात येतं आणि माणूस हात चोळत बसतो. बहुतेक वेळा गडबड असते ती संदेश नेणाऱ्या नसेत. नसेतून संदेश जाईनासा झाला की बधिरपणा येतो. नस चिडली आणि कोणी स्पर्श केलेला नसताना आपणहून संदेश पाठवायला लागली की मुंग्या, झिणझिण्या, सुया टोचणं, जळजळ, करंट बसल्यासारखं होणं, यांतलं काहीही जाणवतं. बधिरपणा आणि मुंग्या या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. डॉक्टरांना सांगतानाही त्या वेगवेगळ्या सांगा.

पायावर पाय टाकून बराच वेळ बसलं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडावरून वळणारी नस दाबली जाते. तिथे ती अगदी कातडीखाली असते. दाब असतो तोवर पाय बधीर, दाब सुटला की नस जागी होताना मुंग्याच मुंग्या. पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. याला औषध नको, तपासणी नको. बसण्याची पद्धत बदला, बस्स.

दखल घ्यायची ती दाब नसताना येणाऱ्या मुंग्यांची. रोज ठरावीक वेळी येणाऱ्या, झोपेतून उठवणाऱ्या, आठवडेच्या आठवडे तिथेच मुक्काम करणाऱ्या, हळूहळू वर सरकणाऱ्या, किंवा सोबत हातातली पकड किंवा पायातली ताकद कमी करणाऱ्या.

वही-पेन बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा तो केव्हा

अचानक, काही क्षणांत, शरीराच्या एकाच बाजूचा हात-पाय किंवा चेहरा बधीर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात समजूनच निघा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्यामुळे लक्षणं किती वाजता सुरू झाली हे घड्याळात बघून लक्षात ठेवा. दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं वाटलं तरी जायचंच, तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

दोन्ही पायांत मुंग्या सुरू झाल्या आणि एक-दोन दिवसांत पाय जड पडले, जिना चढवेना, मग हातही ढिले पडायला लागले, तर तीही तातडीच. महिन्याभरात जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेला असेल तर आणखीच. गियाँ-बारे नावाचा हा आजार १९१६ साली वैद्यकीय लिखाणात नोंदला गेला. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या नसांवर उलटते. ताकद जाणं छातीच्या स्नायूंपर्यंत पोचलं तर श्वास अडतो. वेळेवर उपचार मिळाले तर यातून बहुतेक लोक उठून चालू लागतात. "अशक्तपणा आलाय, दोन दिवस आराम करू" म्हणून घरी थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. तो थांबण्याचा काळ फार महाग पडतो.

तिसरी वेळ म्हणजे कंबर दुखत असताना मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली. हे सांगायला लोक संकोचतात. संकोच करू नका. कण्याच्या तळाशी नसांचा अख्खा जुडगा दाबला गेलेला असू शकतो, आणि तो काही तासांतच मोकळा करावा लागतो.

नकाशा काढा

एक कोरा कागद घ्या. त्यावर हात ठेवून बाहेरून पेन फिरवा, दोन्ही हातांचं. तसंच दोन्ही तळपायांचं. मुंग्या येत असतील तेव्हाच, त्या क्षणी, जिथे येतात तिथे ठिपके द्या. जिथे बधीर वाटतं तिथे आडव्या रेघा. जिथे जळजळ किंवा दुखणं आहे तिथे फुल्या. आठवून काढलेला नकाशा हमखास चुकतो, म्हणून रात्री जाग आली तर दिवा लावून तेव्हाच काढा. चार-पाच दिवस असं करा.

शेजारी लिहा: किती वाजता आल्या, तेव्हा काय चाललं होतं, किती वेळ टिकल्या आणि कशाने कमी झाल्या. 'कशाने कमी झाल्या' हा रकाना लोक गाळतात, मला मात्र तो सगळ्यात मोलाचा वाटतो. हात झटकून बरं वाटतं, हात डोक्यावर ठेवून बरं वाटतं, पुढे वाकून बसल्यावर बरं वाटतं, या तिन्हींचे अर्थ निरनिराळे आहेत.

कागदाच्या मागच्या बाजूला, तुम्ही घेत असलेलं प्रत्येक औषध लिहा. ताकदीच्या गोळ्यासुद्धा. ते का, ते पुढे येईल.

हाताचा नकाशा वाचताना

अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू, एवढ्यालाच ठिपके आणि करंगळी मोकळी, असं असेल तर मनगटाकडे बघायचं. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणारे नऊ दोर जातात आणि त्यांच्याच गर्दीत एक नस. आत जरा सूज आली की पहिली चिरडते ती नस. याला कार्पल टनेल म्हणतात. रात्री मनगट दुमडून झोपण्याने दाब आणखी वाढतो, म्हणून या मुंग्या मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे उठवतात, आणि माणूस थर्मामीटरमधला पारा उतरवल्यासारखा हात झटकतो. टेबलावर बसलेल्या बाईला मी विचारते, "रात्री काय करता?" तिने बोलण्याआधीच हात झटकून दाखवला, की यंत्र सुरू करण्याआधीच माझा अंदाज बांधून होतो.

हे माझंही झालं आहे. दुसऱ्या बाळाच्या वेळी, सातव्या महिन्यात. अडीचच्या सुमाराला जाग यायची आणि उजवा हात आपला नाहीच असं वाटायचं. रोज हेच आजार तपासणारी मी, पण अंधारात हात परका झाला की जी भीती वाटते ती वाटतेच, माहिती असल्याने ती कमी होत नाही. म्हणून कोणी "रात्री घाबरायला होतं" म्हणालं तर मी ते कधीही उडवून लावत नाही. गरोदरपणात अंगात पाणी साठतं आणि बोगदा आणखी अरुंद होतो. मी रात्री मनगटाला स्प्लिंट, म्हणजे मनगट वाकू न देणारा पट्टा, लावला, आठवड्याभरात झोप लागायला लागली, आणि बाळंतपणानंतर दोन महिन्यांत मुंग्या गेल्या. गरोदरपणातल्या या मुंग्या बहुतेकींच्या अशाच जातात. इतर वेळी मात्र थायरॉइड, मधुमेह आणि सांधेवात आहे का ते बघावं लागतं, कारण या तिन्हींमुळे हा बोगदा तंग होतो.

स्प्लिंटबद्दल एक बारकावा, जो सहसा कोणी सांगत नाही. तयार मिळणाऱ्या अनेक स्प्लिंटमधली धातूची पट्टी मनगट मागे झुकवणारी असते. नसेला हवी असते सरळ रेषा. ती पट्टी काढून हाताने सरळ करा आणि मग आत घाला. मनगट पुढेही वाकलेलं नको, मागेही ताणलेलं नको. बोटं मोकळी राहायला हवीत, मूठ वळता यायला हवी. बांधणी इतकी सैल की खाली सहज एक बोट जावं. रोज रात्री, निदान सहा आठवडे. दोन रात्री लावून "उपयोग नाही" म्हणणाऱ्यांना मी परत लावायला सांगते.

सहा आठवड्यांनी फरक नसेल तर मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा तो पट्टा कापून नस मोकळी करण्याची छोटी शस्त्रक्रिया, हे डॉक्टर ठरवतात. पण एक गोष्ट आजच बघा. दोन्ही तळवे शेजारी ठेवा आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा ताडून बघा. एका बाजूचा सपाट झाला असेल, बटण लावताना किंवा सुई धरताना अंगठा दगा देत असेल, तर स्प्लिंटवर महिने घालवू नका. शस्त्रक्रियेनंतर रात्रीच्या मुंग्या लवकर थांबतात, पण झिजून गेलेला स्नायू पूर्ण परत येईलच असं नसतं. शिवणकाम करणाऱ्या एक बाई तीन वर्षं थांबून आल्या होत्या. त्यांच्या अंगठ्याच्या स्नायूवर मला काहीच उमटलेलं दिसलं नाही. दुखणं कमी झालं म्हणून त्या निर्धास्त होत्या, आणि खरं तर नस थकून गप्प झाली होती.

ठिपके करंगळी आणि शेजारच्या अर्ध्या बोटाला असतील तर कोपर तपासा. कोपर आपटल्यावर झिणझिणी जाते ती हीच नस. फोन कानाला लावून तासभर बोलणं, टेबलाच्या कडेवर कोपर टेकणं, हात उशीखाली दुमडून झोपणं, या तिन्ही सवयींत ती ताणली किंवा दाबली जाते. फोनसाठी इयरफोन वापरा. रात्री कोपराभोवती टॉवेलची सैल गुंडाळी करून वर पट्टी बांधा, म्हणजे झोपेत हात पूर्ण दुमडणार नाही. अंगठा आणि पहिल्या बोटामधल्या जागेत, हाताच्या मागच्या बाजूला, खड्डा पडायला लागला असेल तर मात्र थांबू नका.

मान वळवली की मुंग्या खांद्यापासून बोटापर्यंत सळसळत जातात आणि हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, असं असेल तर नस मानेच्या मणक्यापाशी दाबली जात असण्याची शक्यता जास्त. अंगठ्याकडे जात असतील तर एक मणका, मधल्या बोटाकडे तर त्याखालचा, करंगळीकडे तर आणखी खालचा. नकाशा इथेही कामाला येतो. मानेतली अशी दुखणी बहुतेक वेळा काही आठवड्यांत-महिन्यांत व्यायाम आणि औषधांनी शमतात. पण दोन्ही हात बावळट झाल्यासारखे वाटणं, अक्षर बिघडणं, अंधारात तोल जाणं, मान पुढे वाकवली की पाठीतून करंट उतरणं, ही लक्षणं खुद्द मज्जारज्जूच्या त्रासाची आहेत. अशा वेळी कोणाकडूनही मान मोडून घेऊ नका. आधी एमआरआय.

पायाचा नकाशा

एकाच पायाला, कंबरेपासून मांडीच्या मागून उतरत अंगठ्याकडे किंवा करंगळीकडे, असं असेल तर कंबरेच्या मणक्याची नस. मांडीच्या फक्त बाहेरच्या बाजूला, हाताच्या पंजाएवढ्या जागेत जळजळ असेल तर घट्ट पट्टा किंवा तंग कपडा जांघेपाशी एक छोटी नस दाबत असतो. वजन वाढल्यावर आणि गरोदरपणातही हे होतं. ही नस फक्त कातडीची संवेदना नेते, त्यामुळे पाय लुळा पडायची भीती नाही, पट्टा सैल करा. पाऊल वर उचलता येईना आणि चपलेचं टोक जमिनीला घासायला लागलं तर गुडघ्याच्या बाहेरची ती नस. झपाट्याने वजन उतरलेल्या लोकांत हे दिसतं, कारण नसेवरची चरबीची गादी गेलेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचा नकाशा. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरुवात, सारखी-सारखी, मग तळवा, मग घोटा, आणि मुंग्या गुडघ्याच्या आसपास पोचतात त्या सुमाराला हातांच्या बोटांची टोकं. मोजे आणि हातमोजे घातल्यासारखी हद्द. असं का होतं? कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस जवळपास एक मीटर लांब असते. एका सूक्ष्म पेशीचा एवढा लांब धागा, आणि त्याचं शेवटचं टोक पोसायला सगळी रसद वरून यायची. शरीरात काही बिघडलं की पहिली उपासमार त्या टोकाची होते. म्हणून दोन्ही पायांना सारख्या मुंग्या आल्या की दोष पायात शोधायचा नाही, रक्तात शोधायचा.

लोकांच्या बोलण्यातून हा नकाशा आधीच कळतो. "कापसावर चालल्यासारखं वाटतं." "पायातली चप्पल निसटली ते पुढे गेल्यावर कळलं." "तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो." चप्पल निसटल्याचं कोणी सांगितलं की मी समजते, हे दुखणं कालपरवाचं नाही.

यातलं सर्वात मोठं कारण मधुमेह, आणि कित्येकांना मधुमेह असल्याचं मुंग्यांमुळेच कळतं. मग बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, मूत्रपिंडाचा आजार, अनेक वर्षांची दारू. मग औषधं: क्षयाचं आयसोनियाझिड, कर्करोगाची काही औषधं, जंतुसंसर्गावरचं मेट्रोनिडाझोल दीर्घकाळ घेतलेलं, फिट्सवरचं फेनिटॉइन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमायोडॅरोन. म्हणून तर कागदाच्या मागे औषधांची यादी हवी. पण यादीत नाव दिसलं म्हणून औषध मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्याला विचारा. आयसोनियाझिडसोबत बी६ दिलं की त्या मुंग्या बहुधा टळतात. आणि हेच बी६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर स्वतःच नसा खराब करतं. 'जीवनसत्त्वच आहे, काय होतंय' म्हणून वेगवेगळ्या डब्यांतल्या ताकदीच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनी डब्यांवरचं बी६ एकदा बेरीज करून बघावं.

हद्द मोज्यासारखी नसेल, अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि त्या चट्ट्यावर स्पर्शच कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. नाव ऐकून लोक गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यातच नसा जातात. हा आजार तीन औषधांनी, ६ ते १२ महिन्यांत पूर्ण बरा होतो.

एक नकाशा असाही येतो: दोन्ही हातांची बोटं आणि ओठांभोवती, एकाच वेळी, छाती भरून आल्यावर किंवा धास्तीत. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि नसा चटकन चिडतात. श्वास सावकाश करा, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या, काही मिनिटांत उतरतं. हे वारंवार होत असेल, किंवा थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर कॅल्शियम तपासा.

रक्ततपासणी, आणि गोळी आधी घेण्याची चूक

दोन्ही पायांच्या मुंग्यांसाठी डॉक्टर साधारण ह्या तपासण्या सांगतात: उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), बी१२, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). वय जास्त असेल तर रक्तातल्या प्रथिनांची एक तपासणीही. एचबीए१सी ६.५ टक्के किंवा वर असेल तर मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. उंबरठ्यावर असतानाही नसांना त्रास होऊ शकतो, म्हणून तो आकडा "अजून मधुमेह नाही" म्हणून बाजूला सारू नका.

बी१२च्या बाबतीत मी दर आठवड्याला तीच चूक बघते. मुंग्या आल्या, कोणीतरी 'नसांची गोळी' सांगितली, महिनाभर घेतली, आणि मग रक्त तपासलं. आकडा उत्तम येतो! खरी कमतरता होती का, ती कशामुळे होती, हे आता त्या आकड्यावरून कळायला मार्ग राहत नाही. आधी रक्त द्या, मग गोळी. दोन दिवसांचा फरक आहे.

बी१२ मिलिलीटरला साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० मध्ये असेल तर होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल हे रक्तातले दोन घटक तपासून खात्री करता येते. हिमोग्लोबिन चांगलं असतानाही बी१२ अभावी नसा खराब होऊ शकतात. फॉलिक आम्लाची गोळी एकटीच घेतली तर रक्त सुधारतं पण नसांचा ऱ्हास आतून चालू राहतो. मांस, मासे, अंडी, दूध यातलं काही फारसं न घेणारे, वर्षानुवर्षं मधुमेहाचं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या घेणारे, जठराची शस्त्रक्रिया झालेले, आणि ज्यांच्या जठरात बी१२ शोषायला लागणारा घटकच तयार होत नाही ते, अशा सगळ्यांनी हा आकडा अधूनमधून बघावा. यकृतात बी१२चा काही वर्षांचा साठा असतो, म्हणून कमतरता कळायलाही वर्षं लागतात.

नसांची लक्षणं असतील तर सुरुवातीला सहसा इंजेक्शनं देतात, आधी जवळजवळ आणि मग लांब अंतराने. शोषणच होत नसेल तर ती पुढेही चालू ठेवावी लागतात. पहिल्या काही आठवड्यांत मुंग्या थोड्या वाढल्यासारख्या वाटू शकतात. सोडू नका. तुटलेला धागा पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. पायाचं अंतर लक्षात घ्या आणि सुधारणा महिन्यांत मोजा. जितक्या लवकर सुरुवात, तितकं जास्त परत मिळतं.

मधुमेहाच्या बाबतीत साखर आटोक्यात ठेवणं हाच उपचाराचा पाया. त्याने पुढची हानी थांबते. गेलेली संवेदना पूर्ण येईल असं वचन कोणी देऊ शकत नाही. साखर खूप वाढलेली असेल तर ती झपाट्याने खाली आणण्यानेही काही जणांच्या पायांची आग तात्पुरती वाढते, म्हणून उतरवायचा वेग डॉक्टरांना ठरवू द्या.

प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं जळजळ आणि वेदनेवर आहेत. झोप लागायला लागते, दिवस सुसह्य होतो, आणि ते मोठं काम आहे. पण त्यांनी नस बरी होत नाही आणि बधिरपणा जात नाही. ती कमी मात्रेपासून सुरू करतात, गुंगी आणि चक्कर येऊ शकते, आणि एकदम बंद करायची नसतात. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ किंवा हृदयविकार असेल तर अमिट्रिप्टिलिन लिहून देण्याआधी तसं सांगा. दुसऱ्या कोणाच्या पाकिटातली गोळी तर घेऊच नका.

बधीर पाय सांभाळणं

माझ्या वडिलांना १२ वर्षांचा मधुमेह होता. एके थंडीत पाय गार वाटतात म्हणून त्यांनी गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोप काढली. सकाळी आईने मोजे काढले तेव्हा तळव्यावर मोठा फोड. त्यांना काहीही कळलं नव्हतं. गार वाटत होतं ते नसेमुळे, पाय गार नव्हतेच. ती जखम भरायला चार महिने गेले. म्हणून हे मी प्रत्येकाला, विचारलं नसलं तरी, सांगते. बधीर पायाला शेक नको. गरम पिशवी नको, हीटर नको. पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नका, कोपराने घ्या.

त्यानंतर आमच्या घरी रोज रात्री वडिलांचे पाय बघायचा नेम झाला. तळवे, बोटांच्या मधल्या सांदी, टाचेच्या कडा. एकट्या माणसाने जमिनीवर आरसा ठेवून बघावं. कातडीला मलम लावा पण बोटांच्या मध्ये नको, तिथे ओल साठून चिघळतं. नखं सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका. घरातही अनवाणी नको. बूट घालण्याआधी उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. एकदा वडिलांच्या बुटात कोटाचं बटण निघालं होतं, दिवसभर त्यावर चालले असते तरी कळलं नसतं. नवीन बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. आणि मधुमेह असेल तर मुंग्या असोत-नसोत, वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवून ते बघतात, पाच मिनिटांचं काम.

एनसीव्हीला याल तेव्हा

हातपायाला तेल, मलम, पावडर काही लावून येऊ नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा, बाह्या आणि पायजमा वर सरकेल असे सैल कपडे घाला. पेसमेकर असेल तर, आणि सुईची ईएमजी (स्नायूत बारीक सुई घालून करायची तपासणी) सांगितली असून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर, आल्याआल्या सांगा. पोटभर खाऊन आलात तरी चालतं.

हातपाय गार असतील तर मी आधी ते गरम कपड्यात गुंडाळून बसवते. लोकांना वाटतं उशीर करते आहे. गार हातात नसेचा वेग आपोआप कमी भरतो आणि नसलेला आजार कागदावर उतरतो. हाताची कातडी ३२ अंशांच्या आसपास आली की मी सुरू करते. हाताच्या नसेत वेग साधारण सेकंदाला ५० मीटरच्या वर आणि पायाच्या नसेत ४० च्या वर असावा लागतो. झटका टिचकी मारल्यासारखा असतो, काही ठिकाणी जोराचा लागतो. सहन होत नसेल तर म्हणा, मी थांबते.

रिपोर्ट नॉर्मल आला आणि पायांची आग तशीच असेल तर खचू नका. आग आणि तापमान नेणाऱ्या नसा फार बारीक असतात, त्या या यंत्राला दिसतच नाहीत. त्यासाठी कातडीचा बारीक तुकडा काढून वेगळी तपासणी असते. "रिपोर्ट चांगला आहे म्हणजे मनाचे खेळ" असं ऐकून रडत परत आलेली माणसं मला भेटली आहेत. त्यांचं दुखणं खरं होतं.

आणि तो नकाशाचा कागद सोबत आणा. घडी पडलेला, रात्री झोपेत वेडावाकडा काढलेला, कसाही चालेल. कोणत्या बोटापासून सुरुवात करायची ते मी त्यावरूनच ठरवते.